महामार्गपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण

महामार्ग किंवा तत्सम मोठा रस्ता बांधण्यापूर्वी त्याच्या नियोजित पट्ट्यातील प्राचीन अवशेषांचा पद्धतशीर शोध घेणे, त्यांचे मूल्यमापन करणे आणि आवश्यक तेथे उत्खनन करणे, या कार्यास महामार्गपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण म्हणतात. धरणे, लोहमार्ग, नळमार्ग इत्यादींच्या बांधकामापूर्वी होणाऱ्या अशाच कार्यासह त्याचा समावेश बचाव पुरातत्त्व या उपयोजित शाखेत होतो. नेहमीच्या संशोधनात उत्खननाचे स्थळ पुरातत्त्वज्ञ आपल्या प्रश्नास अनुसरून निवडतो. येथे ते रस्त्याच्या आखणीमुळे ठरते. कामाची मुदतही बांधकामाच्या वेळापत्रकाने बांधलेली असते. या दोन गोष्टींमुळे या शाखेची कार्यपद्धती, तिचे यश आणि तिच्या मर्यादा निश्चित झाल्या आहेत.

पार्श्वभूमी : दळणवळणाच्या कामांत प्राचीन स्थळे नष्ट होण्याचे भारतातील सर्वांत परिचित उदाहरण हडप्पाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहोर–मुलतान लोहमार्ग बांधला गेला, तेव्हा तेथील टेकाडांतील भाजक्या विटा खडीऐवजी वापरण्यात आल्या. सु. १६० किमी. लांबीच्या मार्गास पुरतील इतक्या विटा तेथून नेण्यात आल्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी केली आहे. त्या विटा एका अज्ञात नागर संस्कृतीच्या होत्या, हे १९२०–३० या दशकातील उत्खननांनंतरच स्पष्ट झाले. पूर्वसर्वेक्षणाच्या अभावी किती हानी होऊ शकते आणि ती हानी झाल्याचेही किती उशिरा कळते, याचे हे ठळक निदर्शक होय.

रस्तेबांधणीपूर्वी सर्वेक्षण करण्याची संघटित पद्धत प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. न्यू मेक्सिको राज्यात १९५० मध्ये वायुवाहक नळमार्गाच्या कामात असे सर्वेक्षण झाले होते. त्या अनुभवाच्या आधारे १९५४ मध्ये तेथे महामार्गांसाठी बचाव-कार्यक्रम सुरू झाला. जेसी नसबॉम आणि फ्रेड वेंडॉर्फ या पुरातत्त्वज्ञांचा त्यात प्रमुख वाटा होता. आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे उभारण्यासाठी १९५६ मध्ये संमत झालेल्या संघीय अधिनियमात रस्त्यांच्या निधीतून पुरातत्त्वीय व पुराजीवीय बचावकार्यावर खर्च करण्यास मुभा देण्यात आली. पुढे १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन अधिनियमाने संघीय निधीच्या वा परवानगीच्या प्रत्येक प्रकल्पाचा वारसास्थळांवर होणारा परिणाम विचारात घेणे बंधनकारक केले.

ब्रिटनमध्ये १९६९ पासून एम ५ या मोटारमार्गाच्या पट्ट्यात पीटर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लॉस्टरशर व सॉमरसेट या परगण्यांत पाहणी केली. स्थळांच्या जुन्या याद्यांतील नोंदींपेक्षा कितीतरी अधिक स्थळे प्रत्यक्ष जमिनीत असल्याचे तीतून दिसून आले. ज्या प्रदेशाची पुरातत्त्वीय माहिती पुरेशी आहे असे समजले जात होते, तेथेच हा निष्कर्ष निघाल्याने त्याचे महत्त्व विशेष होते. १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी विकासकानेच पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च सोसावा असा संकेत दृढ केला. फ्रान्समध्ये २००१ च्या कायद्याने प्रतिबंधक पुरातत्त्वास स्वतंत्र स्थान दिले व २००२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था कार्यान्वित झाली. युरोप परिषदेच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारातही नियोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर पुरातत्त्वज्ञांचा सहभाग असावा, असे तत्त्व नमूद आहे.

कार्यपद्धती : सर्वेक्षण सामान्यतः चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कागदोपत्री पाहणी करतात. स्मारकांच्या शासकीय याद्या, जुने नकाशे, भूमिअभिलेख, ग्रामनामे, वस्तुसंग्रहालयांतील नोंदी व हवाई छायाचित्रे यांवरून संभाव्य स्थळे हेरली जातात. शेतात उभ्या पिकाच्या रंगात व उंचीत पडणारा फरक हवाई छायाचित्रांत उमटतो आणि त्यावरून बुजलेल्या खंदकांची रूपरेषा कळते. दुसऱ्या टप्प्यात संपूर्ण पट्टा पायी फिरून पृष्ठभागावरील खापरे, दगडी हत्यारे, उंचवटे इत्यादींची नोंद होते.

तिसरा टप्पा भूभौतिकीय मापनाचा होय. जळालेली माती, चुली, भट्ट्या आणि गाळाने भरलेले खंदक यांचे चुंबकीय गुणधर्म भोवतालच्या मातीपेक्षा भिन्न असतात. चुंबकमापकाने हा भेद टिपता येतो. दगडी पाया वा बुजलेले चर शोधण्यासाठी जमिनीचा विद्युत्‌रोधही मोजतात. चौथ्या टप्प्यात यंत्राच्या साहाय्याने चाचणी-चर खणले जातात. आयर्लंडमधील प्रचलित पद्धतीत रस्त्याच्या मध्यरेषेवर एक सलग चर आणि त्यास दोन्ही बाजूंनी ठराविक अंतरावर आडवे फाटे घेतात. यामुळे पट्ट्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे एक-दशांश वा त्याहून किंचित अधिक भागाची प्रत्यक्ष तपासणी होते. अवशेष आढळल्यास त्या जागेवरील वरचा थर संपूर्णपणे काढून उत्खनन केले जाते.

प्रत्येक टप्प्यास विशिष्ट मर्यादा आहे. कागदोपत्री पाहणीत केवळ ज्ञात स्थळे मिळतात. भूभौतिकीय मापनात मोठे खंदक दिसतात. परंतु लहान खांबांचे खळगे, थडगी वा उथळ अवशेष बहुधा निसटतात. चाचणी-चरांच्या मधला भाग अस्पर्शित राहतो. यास्तव जमिनीच्या पोटात काय आहे हे निश्चितपणे कळते ते बहुधा शेवटच्या टप्प्यात. आणि तोपर्यंत मार्ग ठरलेला, भूसंपादन झालेले व ठेके दिलेले असतात. ज्ञान वाढत जाते तसतसे निर्णयस्वातंत्र्य कमी होत जाते. या विसंगतीतूनच या क्षेत्रातील बहुतेक वाद उद्‌भवले आहेत. त्यांचा सर्वांत बोधप्रद अनुभव आयर्लंडमध्ये आला.

आयर्लंडमधील कार्य : आयर्लंडमध्ये प्राचीन स्मारकांना १९३० च्या राष्ट्रीय स्मारके अधिनियमाने संरक्षण मिळाले आणि उत्खननासाठी परवाना आवश्यक ठरला. १९७८ मध्ये डब्लिन शहरातील वुड की येथे महापालिकेच्या कार्यालयांसाठी व्हायकिंगकालीन वसाहतीचे अवशेष हलविण्यात येत असता हजारो नागरिकांनी मोर्चा काढला. तथापि बांधकाम थांबले नाही. १९८०–९० या दशकाच्या प्रारंभी कॉर्क–डब्लिन वायुवाहक नळमार्गाच्या कामात अनेक अज्ञात स्थळे उजेडात आली व सलग पट्ट्याच्या सर्वेक्षणाचे महत्त्व पटले. २००० ते २००६ या काळाच्या राष्ट्रीय विकास योजनेत मोटारमार्गांवर मोठा भर होता. त्यामुळे २००० मध्ये राष्ट्रीय रस्ते प्राधिकरण आणि वारसाखात्याचे मंत्री यांच्यात एक आचारसंहिता ठरली. तिला अनुसरून २००१ पासून प्रत्येक मोठ्या प्रकल्पावर प्राधिकरणाचे स्वतःचे पुरातत्त्वज्ञ नेमले जाऊ लागले. त्यानंतरच्या दशकात रस्त्यांच्या पट्ट्यांत दोन हजारांहून अधिक स्थळे सापडली. त्यांतील बहुसंख्य स्थळांची पूर्वी कोठेही नोंद नव्हती.

यांपैकी तीन स्थळांचे भवितव्य एकमेकांहून भिन्न ठरले. पहिले डब्लिनच्या दक्षिणेकडील कॅरिकमाइन्झ. इंग्रजी अंमलाखालील मध्ययुगीन प्रदेशाच्या सीमेवरील या गढीचे अवशेष एम ५० या वळणमार्गाच्या आग्नेय टप्प्यात येत होते. त्यांचे उत्खनन २००० मध्ये सुरू झाले. दगडी बांधणीचे खंदक, तटबंदीचे भाग आणि १६४२ च्या वेढ्यातील हत्याकांडाशी निगडित मानले गेलेले सांगाडे यांमुळे स्थळाचे महत्त्व अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे दिसून आले. २००२ मध्ये आंदोलकांनी जागेवर ठाण मांडले. कायद्याने आवश्यक असलेली संमती घेतली नसल्याच्या कारणावरून फेब्रुवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामास मनाई केली. जोडरस्त्यांच्या रचनेत फेरबदल करून काही अवशेष राखण्यात आले, तथापि मार्ग बदलला नाही. उलट २००४ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. मंजूर रस्त्यांच्या बाबतीत उत्खनन-परवान्याऐवजी मंत्र्याचे निर्देश पुरेसे ठरले. आणि नव्याने सापडलेल्या राष्ट्रीय स्मारकाचे काय करावयाचे, याचा निर्णय राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाच्या संचालकांशी विचारविनिमय करून मंत्र्याने घ्यावा, असे ठरले.

दुसरे स्थळ वॉटरफर्ड शहराच्या पश्चिमेस शुर नदीकाठी असलेले वुडस्टाउन. वॉटरफर्डच्या वळणमार्गासाठी घेतलेल्या चाचणी-चरांमध्ये २००३ मध्ये ते उघडकीस आले. नवव्या शतकाच्या मध्यास येथे व्हायकिंगांची नदीकाठची वसाहत होती. जहाजांचे खिळे, चांदी, दोनशेहून अधिक शिशाची वजने व शस्त्रांसह पुरलेल्या योद्ध्याचे थडगे यांवरून तिच्या लष्करी व व्यापारी स्वरूपाची कल्पना येते. २००५ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देऊन रस्ता बाजूने वळविण्यात आला आणि वसाहतीचा बहुतांश भाग भावी संशोधनासाठी जमिनीतच राखला गेला. चाचणी बांधकामाच्या पुष्कळ आधी झाली, म्हणून हे शक्य झाले.

टारा व एम ३ : तिसरे व सर्वाधिक वादग्रस्त प्रकरण मीथ परगण्यातील टारा टेकडीच्या परिसराचे होय. आयरिश परंपरेत टारा हे उच्चराजांचे अधिष्ठान मानले जाते. तेथील ‘ओलिसांची टेकडी’ म्हणून ओळखले जाणारे नवाश्मयुगीन थडगे इ. स. पू. सु. ३००० च्या आसपासचे असून लोहयुगातील भव्य वर्तुळाकार आवार, राजमार्गासारखी समांतर बांधांची रचना आणि अनेक दफन-उंचवटे तेथे आहेत. १८९९ ते १९०२ या काळात एका ब्रिटिश पंथाच्या अनुयायांनी बायबलमधील कराराचा कोश शोधण्यासाठी टेकडी उकरली, तेव्हा कवी डब्ल्यू. बी. येट्स प्रभृतींनी तीव्र निषेध नोंदविला होता. १९९२ पासून कॉनर न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आधुनिक पद्धतीने सर्वेक्षण केले. भूभौतिकीय मापनातून १९९९ मध्ये जमिनीखाली दडलेले सु. १७० मी. व्यासाचे एक वर्तुळाकार आवार उघडकीस आले. या संशोधनातून असे मत पुढे आले, की टारा म्हणजे केवळ टेकडीचा माथा नव्हे. समोरच्या स्क्रीन टेकडीपर्यंतचे खोरे, त्यातील गढ्या व दफनभूमी मिळून हा एकच विधिप्रदेश होता.

याच खोऱ्यातून क्लोनी ते केल्सच्या उत्तरेपर्यंत सु. ६० किमी. लांबीचा एम ३ मार्ग आखण्यात आला. ऑगस्ट २००३ मध्ये नियोजन मंडळाने त्यास मान्यता दिली. टेकडीवरील स्मारकांना रस्ता स्पर्श करीत नाही आणि वापरातील जुन्या रस्त्यापेक्षा तो टेकडीपासून दूरच आहे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. डब्लिनकडे रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांचा वाहतूक-कोंडीत जाणारा वेळ व जुन्या रस्त्यावरील अपघात हेही वास्तव प्रश्न होते. आक्षेप घेणाऱ्या विद्वानांचा मुद्दा वेगळा होता. कायदा सुटी स्थळे मोजतो, परंतु भूप्रदेशाच्या एकात्म अर्थाची दखल घेत नाही. एकेक स्थळ उकरून नोंदविल्याने प्रदेशाचे जतन होत नाही, असे ते म्हणत.

चाचणीअंती डनशॉक्लिन–नॅव्हन या टप्प्यात ३८ स्थळे निश्चित झाली. मे २००५ मध्ये मंत्री डिक रोश यांनी त्यांच्या उत्खननाचे निर्देश दिले. त्यांविरुद्धचा दावा उच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फेटाळला. २००७ च्या वसंतात लिस्मुलिन येथे, टेकडीपासून सुमारे दोन किमी. अंतरावर, वरचा मातीचा थर संपूर्ण काढल्यावर लहान लहान खांबांच्या खळग्यांचे एक मोठे वर्तुळ प्रकट झाले. सु. ८० मी. व्यासाचे, दुहेरी खांबरांगांचे बाह्य आवार, त्याच्या मध्याशी सु. १६ मी. व्यासाचे आतले आवार आणि पूर्वेकडून आत नेणारा निमुळता प्रवेशमार्ग अशी त्याची रचना होती. नैसर्गिक बशीसारख्या खोलगट जागेत ते उभारले होते. त्याचा काळ लोहयुगाचा म्हणजे इ. स. पू. पाचवे ते चौथे शतक हा ठरला. वस्तीच्या खुणा अत्यल्प असल्याने ते पूजाविधीचे स्थान असावे, असा निष्कर्ष निघाला. प्रवेशमार्गाची दिशा कृत्तिका या तारकासमूहाच्या उदयस्थानाशी जुळत असावी, असेही संशोधकांनी सुचविले आहे.

या वर्तुळाची चाहूल पूर्वीच्या कोणत्याही टप्प्यावर लागली नव्हती. हाताच्या मुठीएवढ्या जाडीच्या खांबांचे खळगे चुंबकमापकास दिसले नाहीत आणि चाचणी-चरांतही ते ओळखू आले नाहीत. लिस्मुलिनला राष्ट्रीय स्मारक म्हणून मान्यता मिळाली. तथापि जून २००७ मध्ये मंत्रिपद सोडताना रोश यांनी ‘नोंदीद्वारे जतन’ म्हणजे संपूर्ण उत्खनन, आलेखन व त्यानंतर रस्ताबांधणी असा आदेश दिला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन गॉर्मली यांना तो रद्द करण्यास पुरेसा कायदेशीर आधार मिळाला नाही. लिस्मुलिनचे उत्खनन त्याच वर्षी पूर्ण झाले. जागतिक स्मारक निधीने २००८ च्या संकटग्रस्त स्थळांच्या यादीत टाराचा समावेश केला. जून २०१० मध्ये मार्ग खुला झाला.

एम ३ च्या संपूर्ण लांबीत १६७ स्थळांचे उत्खनन झाले. कॉलियर्सटाउन येथील आद्य मध्ययुगीन दफनभूमीत भूमध्य सागराच्या परिसरातून आयात झालेल्या भांड्यांचे तुकडे मिळाले. रोस्टाउन, कासलफार्म आणि बॅरन्सटाउन येथे तत्कालीन शेतकरी कुटुंबांची खंदकवेष्टित आवारे सापडली. राजांच्या दंतकथांनी व्यापलेल्या या खोऱ्यातील सामान्य लोकांची शेती, पशुपालन, धातुकाम व दफनप्रथा यांचा पुरावा प्रथमच विपुल प्रमाणात उपलब्ध झाला. लिस्मुलिनचा सविस्तर अहवाल २०१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दरम्यान ३ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने आयर्लंडच्या पर्यावरणीय परिणाम-मूल्यमापनाच्या कायद्यात उणिवा असल्याचा निर्णय दिला. पाडकामास मूल्यमापनातून वगळणे हे युरोपीय निर्देशाशी विसंगत असल्याचे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय रस्ते प्राधिकरण २०१५ मध्ये नव्या वाहतूक संस्थेत विलीन झाले.

मूल्यमापन : महामार्गपूर्व सर्वेक्षणाचे शास्त्रीय महत्त्व वादातीत आहे. रस्त्याचा पट्टा टेकडी, उतार, पाणथळ व सुपीक जमीन अशा सर्व प्रकारच्या भूभागांतून जातो. त्यामुळे संशोधकाच्या आवडीनिवडीपासून मुक्त असा प्रदेशाचा नमुना हाती येतो. ठळक स्मारकांकडे वळलेले लक्ष त्यामुळे विखुरलेल्या घरांकडे, चुलींकडे आणि शेतांकडे वळले. याउलट पट्टा अरुंद असल्याने स्थळे मध्येच छेदली जातात. लिस्मुलिनच्या वर्तुळाचाही काही भाग रस्त्याच्या हद्दीबाहेर राहिला. उत्खननांच्या मानाने अहवालांचे प्रकाशन मागे पडते. प्रकल्प राबविणारी संस्थाच पुरातत्त्वज्ञांना वेतन देत असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली जाते. सर्वांत मूलभूत आक्षेप ‘नोंदीद्वारे जतन’ या संज्ञेसच आहे. उत्खनन ही अपरिवर्तनीय क्रिया होय. नोंद कितीही काटेकोर असली, तरी ती त्या काळाच्या प्रश्नांपुरती व साधनांपुरती असते. १९८० मध्ये उकरलेल्या स्थळास नंतर विकसित झालेल्या प्राचीन डीएनए वा अतिसूक्ष्म कालमापनाच्या पद्धती लावण्यास पुष्कळदा वाव उरत नाही.

वुडस्टाउन व लिस्मुलिन यांच्या भवितव्यातील फरक पाहिला, तर महत्त्वाइतकाच शोधाचा क्षणही निर्णायक ठरल्याचे दिसते. यास्तव मार्गाचे पर्याय तुलनेसाठी मांडले जात असतानाच भूभौतिकीय मापन व निवडक चाचणी-चर घ्यावेत, सुट्या स्थळांबरोबर संपूर्ण भूप्रदेशाचे मूल्य ठरवावे आणि अनपेक्षित शोधासाठी आखणीत व अंदाजपत्रकात सुरुवातीपासून वाव ठेवावा, हे मत तज्ञांत प्रबळ झाले.

भारतातील स्थिती : भारतात बचाव-उत्खनने प्रामुख्याने धरणांच्या संदर्भात झाली. नागार्जुनसागर प्रकल्पामुळे बुडणाऱ्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात १९५४ ते १९६० या काळात विस्तृत उत्खनन करून निवडक वास्तू उंच जागी हलविण्यात आल्या. रस्त्यांच्या बाबतीत १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात २०१० मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मी. पर्यंत बांधकामास प्रतिबंध आणि त्यापुढे २०० मी. पर्यंत नियंत्रण आहे. मोठ्या विकासप्रकल्पांच्या परिणामाचा विचार करण्याचे काम राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. मात्र ही तरतूद ज्ञात व अधिसूचित स्मारकांपुरती आहे. नांगराखालील पांढरीची टेकाडे, नदीकाठच्या गाळातील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या आणि घाटमाथ्यावरील जुन्या व्यापारी वाटांच्या खुणा यांना तिचे कवच मिळत नाही. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा मोठा भाग अशाच, कोणत्याही यादीत नसलेल्या स्थळांत दडलेला असल्याने महामार्गपूर्व सर्वेक्षणाची गरज महाराष्ट्रासारख्या प्रदेशात विशेष आहे.